अपडेट केलं की कॉन्फिग जाते, नाहीतर अपडेटच अडकतं: पॅकेजमधल्या डिफॉल्ट फाइलचं निदान

तक्रार दर रिलीजनंतर येते आणि दर वेळी वेगळे कपडे घालून येते. एक जण म्हणतो, "अपडेट केलं आणि माझा पोर्ट नंबर गेला." दुसरा म्हणतो, "रात्रीचं अपडेट लागलंच नाही, सकाळी बघतो तर कुठल्यातरी प्रश्नावर अडून बसलंय." तिसरा, "काढून परत टाकलं, तरी कॉन्फिग फाइल येतच नाही." आणि चौथा सगळ्यात वैतागलेला, "मी त्या फाइलला हातसुद्धा लावलेला नाही, तरी तुम्ही बदललीत असं मलाच का ऐकवतंय?"

मी एका छोट्या सर्व्हिसचं पॅकेजिंग सांभाळतो, म्हणजे ती इन्स्टॉल आणि अपडेट करता येईल अशा गठ्ठ्यात बांधतो. इथे तिला 'नोंदवही' म्हणू. तिची डिफॉल्ट कॉन्फिग फाइल, म्हणजे मूळ सेटिंगची फाइल, /इटीसी/नोंदवही/नोंदवही.कॉन्फ या जागी बसायची. वरच्या चारही तक्रारी माझ्याकडे आल्या आहेत आणि बराच काळ मी त्या चार वेगवेगळे बग समजून मिटवत होतो. एक दाबला की दुसरा वर यायचा. मूळ एकच निघालं: एका फाइलला दोन मालक. पॅकेजला वाटतं ती माझी, सर्व्हर सांभाळणाऱ्याला वाटतं ती माझी, आणि इन्स्टॉलनंतर चालणारी स्क्रिप्ट दोघांनाही न विचारता तिच्यात खाडाखोड करून जाते.

काहीही बदलण्याआधी

तक्रार आली की लगेच स्पेक फाइल (पॅकेज कसं बांधायचं याची कृती) उघडायची खोड मलाही आहे. पण आधी तक्रार करणाऱ्याच्या मशीनवर तीन गोष्टी बघून घ्या. पॅकेज मॅनेजर या फाइलला कॉन्फिग मानतो का? डिस्कवरची फाइल मूळ डिफॉल्टपेक्षा वेगळी आहे का? आणि तिच्या आजूबाजूला उरलेल्या कॉप्या पडल्या आहेत का?

डेबियन किंवा उबंटूवरचा पॅकेज मॅनेजर म्हणजे डीपीकेजी. त्याच्या डीपीकेजी-क्वेरीला पॅकेजचं 'कॉन्फफाइल्स' फील्ड विचारलं की कॉन्फफाइल, म्हणजे कॉन्फिग मानलेल्या फाइलींची यादी मिळते, प्रत्येक नावापुढे एक एमडी५ हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा. इथे बरेच जण फसतात. हा हॅश डिस्कवरच्या फाइलचा नसतो. पॅकेजने शेवटची जी डिफॉल्ट फाइल दिली होती तिचा असतो, आणि डीपीकेजीच्या स्टेटस फाइलमध्ये जपून ठेवलेला असतो. आता एमडी५सम चालवून डिस्कवरच्या फाइलचा हॅश काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. जुळले तर फाइल आहे तशीच आहे. नावापुढे 'ऑब्सोलीट' लिहिलेलं असेल तर नव्या पॅकेजमध्ये ती फाइल नाहीच, आधीच्या आवृत्तीतली मागे राहिली आहे. ही खूण लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

फेडोरा-रेड हॅटच्या बाजूला पॅकेज मॅनेजर आरपीएमला 'क्यूसी' दिलं की कॉन्फिग म्हणून खूण केलेल्या फाइल दिसतात. कॅपिटल व्ही देऊन पडताळणी केली की बदललेल्या फाइलच्या ओळीत ५ हा आकडा आणि त्यापुढे एक सी दिसतो. ५ म्हणजे मजकूर बदलला आहे. आकडा एमडी५ च्या काळातला, आता हॅश दुसरा वापरला जात असला तरी खूण तीच राहिली. सी म्हणजे कॉन्फिग. तुमच्या फाइलच्या ओळीत ५ आहे पण सी नाही, तर शोध तिथेच संपला. फाइल साध्या फाइलसारखी पॅकेजमध्ये गेली आहे आणि तिच्यातला बदल पुढच्या अपडेटच्या भरवशावर आहे.

उरलेल्या कॉप्यांची शेपटी बघितली की भांडणात कोण जिंकलं ते कळतं. .डीपीकेजी-डिस्ट, .आरपीएमन्यू किंवा आर्च लिनक्सवरचं .पॅकन्यू दिसलं तर वापरणाऱ्याची फाइल टिकली आणि नवी डिफॉल्ट बाजूला ठेवली गेली. .डीपीकेजी-ओल्ड किंवा .आरपीएमसेव्ह दिसलं तर उलट. "माझं सेटिंग गेलं" म्हणणाऱ्याला सगळ्यात आधी हीच फाइल शोधायला लावा. बहुतेक वेळा सेटिंग गेलेलं नसतं, शेजारीच दुसऱ्या नावाने पडलेलं असतं, आणि माणूस शांत झाला की पुढचं निदानही शांतपणे होतं.

"मी हात लावलेला नाही"

हे प्रकरण मी जवळून दाखवतो, कारण यात डीपीकेजीचा हिशोब पूर्ण कळतो.

अपग्रेडच्या वेळी डीपीकेजी तीन हॅश बघतो: मागच्या पॅकेजने दिलेल्या डिफॉल्टचा, आत्ता डिस्कवर असलेल्या फाइलचा, आणि नव्या पॅकेजमधल्या डिफॉल्टचा. डिस्कवरची फाइल मूळ डिफॉल्टसारखीच असेल तर नवी गुपचूप बसते. डिस्कवरची बदललेली आहे पण पॅकेजची डिफॉल्ट तीच आहे, तर डिस्कवरची राहते, तीही गुपचूप. दोन्ही बाजूंनी बदल झाला असेल तरच प्रश्न येतो. म्हणजे हा प्रश्न दिसायला दोन कारणं एकाच वेळी लागतात. एकच शोधून थांबलात तर अर्धाच रोग सापडतो.

नोंदवहीच्या बाबतीत प्रश्न दर रिलीजला यायचा, अगदी कोऱ्या मशीनवरसुद्धा. मी कोरं मशीन उभं केलं, जुनी आवृत्ती टाकली, कुठेही न शिवता नवी टाकली. आला प्रश्न: ही फाइल तुम्ही किंवा एखाद्या स्क्रिप्टने बदलली आहे आणि पॅकेज देणाऱ्यानेही नवी आवृत्ती पाठवली आहे. डी दाबून फरक बघितला. फक्त दोन ओळी वेगळ्या होत्या. पहिली ओळ कॉमेंट होती, "नोंदवही २.३.१ साठी तयार केलेली फाइल", आणि नव्या पॅकेजमध्ये तिथे २.३.२ होतं. सातव्या ओळीत डिफॉल्टला 'लोकलहोस्ट' होतं, डिस्कवर मशीनचं खरं नाव.

सातवी ओळ बदलली होती आमच्याच पोस्टइन्स्ट, म्हणजे इन्स्टॉलनंतर चालणाऱ्या स्क्रिप्टने. कोणीतरी (कोणीतरी म्हणजे मीच, तीन वर्षांपूर्वी) तिथे एक सेडची (मजकूर बदलणाऱ्या कमांडची) ओळ टाकली होती, वापरणाऱ्याचे कष्ट वाचावेत म्हणून. त्यामुळे डिस्कवरची फाइल इन्स्टॉल झाल्या क्षणापासून 'बदललेली' ठरत होती. आणि पहिली ओळ बिल्ड स्क्रिप्ट दर वेळी नव्याने छापत होती, त्यामुळे डिफॉल्टही दर रिलीजला 'बदललेली' ठरत होती. संदेशातले 'किंवा एखाद्या स्क्रिप्टने' हे शब्द मी कित्येक वेळा वाचले होते आणि प्रत्येक वेळी वापरणाऱ्यानेच काहीतरी केलं असणार असं मानून पुढे गेलो होतो.

दुरुस्ती दोन्ही बाजूंनी केली. आवृत्ती, तारीख, बिल्ड नंबर असलं काहीही डिफॉल्ट फाइलमध्ये छापायचं नाही. आवृत्ती सांगायला प्रोग्रॅमचा व्हर्जन पर्याय आहे. आणि सेड काढून टाकलं. होस्टनेम रिकामं असेल तर प्रोग्रॅम सुरू होताना स्वतःच मशीनला विचारतो. कॉन्फफाइल म्हणून दिलेल्या फाइलला मेंटेनर स्क्रिप्टने (पॅकेजसोबत येणाऱ्या पोस्टइन्स्टसारख्या स्क्रिप्टने) हात लावायचा नाही, असं डेबियनच्या धोरणात स्पष्ट लिहिलेलं आहे. मीही ते वाचलं होतं.

इन्स्टॉलच्या वेळी खरोखरच काही तयार करावं लागत असेल, उदाहरणार्थ डेटाबेसचा पासवर्ड किंवा गुप्त किल्ली, तर ती वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. ती फाइल पॅकेजमध्ये असता कामा नये. स्क्रिप्टने ती नसेल तरच तयार करावी, युमास्क (नव्या फाइलच्या परवानग्या ठरवणारं सेटिंग) आधी आवळून, आणि पॅकेज पर्ज होताना (कॉन्फिगसकट पूर्ण निघताना) पोस्टआरएम या काढल्यानंतरच्या स्क्रिप्टने ती पुसावी, कारण डीपीकेजीला तिची काहीच खबर नसते. परवानग्यांचा एक चटका इथेच सांगतो: अपग्रेडमध्ये कॉन्फफाइल बदलली तरी डीपीकेजी डिस्कवरच्या जुन्या फाइलचे मालक आणि परवानग्या नव्या फाइलला लावतो. पासवर्डची फाइल एकदा ०६४४ ने (कोणालाही वाचता येईल अशी) बाहेर गेली की पुढच्या पॅकेजमध्ये ०६४० करून ती कुठल्याही जुन्या मशीनवर बंद होत नाही.

संदेश थोडा वेगळा असेल, म्हणजे फाइल 'तुम्ही किंवा एखाद्या स्क्रिप्टने तयार केली' असं म्हणत असेल, तर कारणही वेगळं. डीपीकेजीकडे या फाइलचा जुना हॅशच नाही. एक तर स्क्रिप्ट आधी फाइल तयार करायची आणि आता तीच फाइल पॅकेजमधूनही येते आहे, नाहीतर ती आधी साधी फाइल होती आणि या आवृत्तीत कॉन्फफाइल झाली आहे. हा प्रश्न एकदाच येतो, पण येतो सगळ्यांना.

तयार होणारी फाइल वापरणाऱ्यानेही बदलायची असेल आणि दुसरा मार्गच नसेल तर यूसीएफ नावाचं साधन आहे. ते हाच तीन बाजूंचा हिशोब पॅकेजबाहेरच्या फाइलसाठी ठेवतं आणि जमेल तिथे बदल एकत्रही करून देतं. मी ते वापरून बघितलं आहे. चालतं, पण स्क्रिप्ट वाढतात आणि पर्जच्या वेळी त्याच्या नोंदी साफ करायला हमखास विसरायला होतं.

रात्री अडकलेलं अपडेट

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. लोक डेबियन फ्रंटएंड नॉनइंटरॅक्टिव्ह ठेवतात आणि निर्धास्त होतात. ते सेटिंग डेबकॉन्फच्या प्रश्नांसाठी आहे, म्हणजे पॅकेजच्या स्क्रिप्ट इन्स्टॉलच्या वेळी विचारतात त्यांच्यासाठी. कॉन्फफाइलचा प्रश्न डीपीकेजी स्वतः विचारतो, त्याला त्या व्हेरिएबलशी देणंघेणं नाही. टर्मिनल नसेल तर 'कॉन्फफाइलच्या प्रश्नावर इनपुट संपलं' अशा अर्थाची एरर देऊन पॅकेज अर्धवट कॉन्फिगर झालेल्या अवस्थेत सोडतो.

अशा मशीनवर एपीटीमार्फत (पॅकेज आणून डीपीकेजीला देणारं साधन) डीपीकेजीला दोन पर्याय द्या: फोर्स-कॉन्फडेफ आणि फोर्स-कॉन्फओल्ड. पहिला म्हणतो, जिथे ठरलेलं उत्तर आहे तिथे ते घे. दुसरा म्हणतो, नसेल तर जुनी फाइल ठेव. फोर्स-कॉन्फन्यू मी कोणालाही सुचवत नाही. "एकदाचं कटकट नको" म्हणून तो लावला जातो आणि पुढच्या महिन्यात "पोर्ट नंबर गेला"ची तक्रार घेऊन तोच माणूस परत येतो.

अनअटेंडेड-अपग्रेड्स (आपोआप अपडेट लावणारं साधन) वापरणाऱ्यांची गंमत वेगळीच. कॉन्फफाइलचा प्रश्न येणार असं दिसलं की ते साधन ते पॅकेज वगळतं आणि लॉगमध्ये एक ओळ टाकतं. काही अडकत नाही, कोणी ओरडत नाही, फक्त सुरक्षेचं अपडेट लागत नाही. पॅकेज बांधणारा म्हणून मला हे सगळ्यात जास्त टोचतं: माझ्या कॉमेंटमधल्या आवृत्तीच्या आकड्यापायी कोणाच्या तरी मशीनवर भोक उघडं राहिलं असेल.

काढून परत टाकलं, फाइल नाही

हा बग नाही, पण दर महिन्याला एकदा बग म्हणून येतो. वापरणाऱ्याने पॅकेज काढलं; रिमूव्हमध्ये कॉन्फफाइल मागे राहतात, तसं राहावं हाच नियम आहे. मग त्याने /इटीसी/नोंदवही हाताने उडवलं आणि परत इन्स्टॉल केलं. डीपीकेजीच्या दृष्टीने फाइल पुसणं हाही वापरणाऱ्याचा एक बदलच, आणि तो बदल तो पाळतो. डीपीकेजीच्या यादीत पॅकेजपुढे 'आरसी' (पॅकेज काढलं, कॉन्फिग उरली) दिसत असताना हे केलं असेल तर ओळखा. इलाज: आधी पर्ज करून मग इन्स्टॉल, किंवा नसलेली कॉन्फफाइल परत बसवणारं फोर्स-कॉन्फमिस देऊन रीइन्स्टॉल. पर्ज सांगताना आधी विचारून घ्या की बाकीच्या फाइलमध्ये काही जपायचं आहे का.

आरपीएम इथे नेमका उलटा वागतो. पुसलेली कॉन्फिग फाइल पुढच्या अपग्रेडला परत येते, 'मिसिंगओके' (नसली तरी चालेल) अशी खूण केलेली नसेल तर. दोन्हीकडे पॅकेज देणाऱ्यांनी हा फरक डोक्यात ठेवा. एखादं फीचर बंद करायचं तर 'फाइल पुसा' असं मार्गदर्शिकेत लिहिणं म्हणजे अर्ध्या वाचकांना चुकीचं सांगणं.

एका रिलीजला फाइल आहे, पुढच्याला नाही

हा किस्सा सांगायला अजूनही ओशाळवाणं वाटतं. नोंदवहीच्या एका आवृत्तीत नव्या मशीनवर डिफॉल्ट फाइलच येईना. पॅकेज उघडून बघितलं, खरंच नव्हती. तोच कोड बिल्ड सर्व्हरवर बांधला की असायची, माझ्या लॅपटॉपवर बांधला की नसायची. घाईच्या वेळी मी लॅपटॉपवरून रिलीज काढायचो.

मेकफाइलमध्ये चांगल्या हेतूने एक अट होती: कॉन्फिग फाइल आधीच असेल तर तिच्यावर लिहू नकोस. मेक इन्स्टॉल थेट चालवणाऱ्यासाठी ही अट हवीच. एनजिनएक्स या वेब सर्व्हरचं मेक इन्स्टॉलही असंच करतं, मुख्य फाइल नसेल तरच ठेवतं आणि.डिफॉल्ट नावाची कॉपी मात्र दर वेळी ताजी करतं. आमच्या अटीत डेस्टडिर (पॅकेज रचायच्या तात्पुरत्या जागेचा पाथ) लावायचं राहिलं होतं. ती पॅकेज जिथे रचलं जातं त्या तात्पुरत्या झाडात बघण्याऐवजी बांधणाऱ्या मशीनच्या खऱ्या /इटीसी मध्ये बघत होती. माझ्या लॅपटॉपवर नोंदवही इन्स्टॉल केलेली, म्हणून फाइल 'आधीच आहे', म्हणून पॅकेजमध्ये नाही.

यातून पुढे काय घडलं ते बघा. डेबियनवर अपग्रेड झालेल्या मशीनवर फाइल राहिली पण 'ऑब्सोलीट' झाली. वर सांगितलेली खूण ती हीच. आरपीएमच्या मशीनवर, नव्या पॅकेजमध्ये फाइल नाही म्हणून जुनी काढली गेली: ज्यांनी बदलली होती त्यांची .आरपीएमसेव्ह झाली, ज्यांनी नव्हती बदलली त्यांची सरळ गेली. पुढच्या रिलीजला, बिल्ड सर्व्हरवरून बांधलं तेव्हा, फाइल परत आली, अर्थात डिफॉल्ट स्वरूपात. एका गहाळ व्हेरिएबलमुळे तीन प्रकारच्या तक्रारी, दोन रिलीजमध्ये पसरलेल्या.

तुमच्याकडे 'कधी होतं, कधी होत नाही' असा प्रकार असेल तर दोन लागोपाठच्या पॅकेजमधल्या फाइलींच्या याद्या काढून डिफ करा. पाच मिनिटांचं काम आहे. आता आमच्याकडे बिल्डच्या शेवटी एक तपासणी आहे: मागच्या रिलीजच्या कॉन्फिग यादीतलं एखादं नाव या पॅकेजमध्ये नसेल तर बिल्ड लाल. आणि लॅपटॉपवरून रिलीज बंद.

आरपीएम: कधी टिकतं, कधी जातं

स्पेक फाइलमध्ये नुसतं कॉन्फिग लिहिणं आणि कॉन्फिगपुढे कंसात नोरिप्लेस लिहिणं यातला फरक लोकांना पाठ असतो. नुसत्या कॉन्फिगला वापरणाऱ्याची फाइल .आरपीएमसेव्ह होते आणि नवी बसते. नोरिप्लेस असेल तर वापरणाऱ्याची राहते आणि नवी.आरपीएमन्यू म्हणून शेजारी येते. फारसं माहीत नसतं ते हे की दोन्ही प्रकार डिफॉल्ट बदलली असेल तेव्हाच घडतात. दोन आवृत्त्यांमधली डिफॉल्ट एकच असेल तर नुसत्या कॉन्फिगलाही वापरणाऱ्याची फाइल जागेवरून हलत नाही. त्यामुळे नोरिप्लेस विसरलेलं पॅकेज पाच रिलीज सुखाने जातं आणि सहाव्याला, कोणीतरी डिफॉल्टमध्ये एक कॉमेंट सुधारली म्हणून, सगळ्यांची सेटिंग उडवतं.

दुसरा सापळा जास्त वाईट. आरपीएमच्या अपग्रेडमध्ये नव्या पॅकेजची पोस्ट (इन्स्टॉलनंतरची) स्क्रिप्ट आधी चालते आणि जुन्याची पोस्टअन (काढल्यानंतरची) नंतर. जुन्या पोस्टअनमध्ये कोणी 'जाताना डिरेक्टरी साफ कर' असं लिहिलं असेल आणि पहिलं आर्ग्युमेंट तपासलं नसेल, तर अपग्रेडच्या शेवटी ती नुकतीच बसवलेली फाइल पुसून जाते. ते आर्ग्युमेंट पूर्ण काढताना ० असतं, अपग्रेडला १. साफसफाई ० लाच करायची. यातली खरी मेख अशी की दुरुस्त केलेल्या आवृत्तीवर जातानाही फटका बसतोच, कारण चालणारी स्क्रिप्ट जुन्या पॅकेजची आहे. नव्याच्या प्री (इन्स्टॉलआधीच्या स्क्रिप्ट) मध्ये फाइलची कॉपी काढून पोस्टट्रान्स मध्ये परत ठेवावी लागते. पोस्टट्रान्स सगळ्याच्या शेवटी चालते.

पॅकेज एफपीएम किंवा एनएफपीएम या पॅकेज बांधून देणाऱ्या साधनांनी बांधत असाल तर स्पेक फाइल दिसतच नाही, म्हणून चूकही दिसत नाही. एनएफपीएममध्ये फाइलचा प्रकार कॉन्फिग किंवा कॉन्फिग|नोरिप्लेस असा स्वतः लिहावा लागतो. न लिहिल्यास ती साधी फाइल. डेबियनचं पॅकेज बांधायला मदत करणारा डेबहेल्पर मात्र /इटीसी खालच्या प्रत्येक फाइलला आपोआप कॉन्फफाइल करतो. डीपीकेजी-डेबने हाताने बांधलेल्या पॅकेजला ही सोय नाही, यादी आपणच द्यायची, पूर्ण पाथसकट.

बाकीचे भराभर. आर्चच्या पीकेजीबिल्डमध्ये (पॅकेज बांधायच्या स्क्रिप्टमध्ये) फाइलचं नाव बॅकअप यादीत टाकायचं, पण सुरुवातीच्या स्लॅशशिवाय. स्लॅश राहिला तर मेकपीकेजी एरर देऊन पॅकेज बांधतच नाही. विंडोजवर इनो सेटअपने बांधलेला इन्स्टॉलर असेल तर 'ओन्लीइफडझंटएक्झिस्ट' हा फ्लॅग लावा, आणि काढतानाही फाइल राहायला हवी असेल तर 'अनइन्सनेव्हरअनइन्स्टॉल'. विंडोजच्याच एमएसआय पॅकेजमध्ये मोठ्या अपग्रेडला सेटिंग जात असेल तर जुनं उत्पादन काढण्याची पायरी नव्या फाइल टाकण्याच्या आधी आहे का ते बघा. असेल तर जुन्याबरोबर फाइल जाते आणि नव्याबरोबर कोरी येते. डॉकरमध्ये नाव दिलेलं व्हॉल्यूम (कंटेनरबाहेर टिकणारी डेटाची जागा) रिकामं असतानाच इमेजमधला मजकूर त्यात उतरतो. इमेज कितीही नवी आणली तरी भरलेल्या व्हॉल्यूममधली कॉन्फिग पहिल्या दिवसाचीच राहते.

दोन मालकांचा प्रश्न मिटवायचा तर

वरचे सगळे इलाज करून झाल्यावर मी शेवटी फाइलच हलवली. डिफॉल्ट आता /यूएसआर/लिब/नोंदवही मध्ये असते. ती पॅकेजची, दर अपडेटला बेधडक बदलते, कोणी तिला शिवायचं नाही. /इटीसी/नोंदवही मध्ये पॅकेज एकही फाइल टाकत नाही. तिथे सर्व्हर सांभाळणारा स्वतःला हव्या तेवढ्याच ओळींची फाइल ठेवतो आणि त्या ओळी डिफॉल्टवर मात करतात. सिस्टमडी (लिनक्सवर सर्व्हिस चालवणारं) युनिट फाइलसाठी हेच करतं, आणि ओपनसूसेने वितरणाच्या डिफॉल्टसाठी /यूएसआर/इटीसी अशी वेगळी जागाच केली. डीपीकेजीला विचारायला प्रश्नच उरत नाही, आणि "नवं सेटिंग माझ्या फाइलमध्ये नाही म्हणून सर्व्हिस उठत नाही" ही तक्रारही संपते, कारण नव्या सेटिंगची किंमत डिफॉल्टमधून येते. उलटी बाजू तुम्हालाच सांभाळायची: रद्द झालेलं सेटिंग कोणाच्या फाइलमध्ये सापडलं तर निदान एक-दोन रिलीज लॉगमध्ये इशारा देऊन पुढे चला, सर्व्हिस पाडू नका.

यातही खाचा आहेत. कॉन्फिगचे तुकडे ठेवायच्या .डी डिरेक्टरीतल्या फाइल नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि तो क्रम अक्षरांचा असतो, त्यामुळे '१००-' ने सुरू होणारी फाइल '२०-' च्या आधी लागते. दोन अंकी क्रमांक ठरवा आणि त्यालाच चिकटून राहा. कुठल्या शेपटीच्या फाइल वाचायच्या हेही ठरवा. फक्त .कॉन्फ वाचलं तर .कॉन्फ.आरपीएमसेव्ह आपोआप वगळलं जातं. सगळंच वाचलं तर कोणीतरी ठेवलेली.बॅक कॉपीही लागू होते आणि अर्धा दिवस जातो. सुडोच्या नियमांची सुडोअर्स.डी याच्या उलट टोकाला आहे, नावात टिंब असलेली फाइल वाचतच नाही. आणि याद्यांचं काय, जोडायच्या की बदलायच्या? सिस्टमडीत एक्झेकस्टार्ट (सर्व्हिस सुरू करणारी कमांड) बदलायचं तर आधी रिकामं एक्झेकस्टार्ट लिहावं लागतं, हे प्रत्येकाने एकदा ठेच खाऊन शिकलेलं असतं. आम्ही 'यादी पूर्ण बदलते' असा नियम ठेवला आणि तो डिफॉल्ट फाइलच्या डोक्यावर लिहिला.

एक गोष्ट मात्र आधी करून ठेवा: सगळं एकत्र होऊन शेवटी काय लागू झालं, आणि कुठली किंमत कुठल्या फाइलमधून आली, हे छापणारी एक कमांड. ती नसेल तर तुम्ही तक्रारींचा एक प्रकार मिटवून दुसरा उघडला आहे. सिस्टमडी-डेल्टा बघा, कल्पना येईल.

जुनी कॉन्फफाइल काढताना नुसतं पॅकेजमधून वगळू नका, ती 'ऑब्सोलीट' होऊन पडून राहील आणि डिफॉल्टवर मात करत राहील. जुने आकडे नव्या डिफॉल्टला कायमचे झाकतील. डीपीकेजी-मेंटस्क्रिप्ट-हेल्परमध्ये आरएम-कॉन्फफाइल आहे: फाइल कोरी असेल तर पुसते, बदललेली असेल तर .डीपीकेजी-बॅक नावाने बाजूला ठेवते. डेबहेल्पर वापरत असाल तर .मेंटस्क्रिप्ट फाइलमध्ये एक ओळ पुरते. त्या ओळीत आवृत्ती द्यावी लागते, आणि ती ज्या रिलीजमध्ये फाइल निघाली तिची द्यायची, शेवटी टिल्डा लावून. ती ओळ पुढची काही वर्षं तिथेच राहू द्या. कोणीतरी दोन आवृत्त्या गाळून उडी मारणारच आहे.

रिलीजआधी आता पाच कोरे कंटेनर चालतात. पहिल्यात जुनं टाकून काहीही न करता नवं. दुसऱ्यात जुनं टाकून पोर्ट बदलून नवं. तिसऱ्यात फाइल पुसून नवं. चौथ्यात काढून परत टाकणं. पाचव्यात पर्ज, आणि नंतर /इटीसी मध्ये आमचं काही उरलं का ते बघणं. कुठेही प्रश्न आला तर चाचणी नापास, कारण इनपुट मुद्दाम बंद ठेवलेलं असतं. गेल्या वेळी पाचवा कंटेनर नापास झाला: गुप्त किल्लीची फाइल मागे राहिली होती. पोस्टआरएममध्ये मी पाथ चुकीचा लिहिला होता.